थोरलीची आंघोळ

१

आधीच सांगून ठेवतो, लिहिण्यात चुका होतील. सोळाव्या वर्षी मी शाळा सोडली. त्यानंतर हातात कात्री आली ती आजपर्यंत. कुंड्यांना बांधायच्या चिठ्ठ्यांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. भारी शब्द माझ्याजवळ नाहीत, तेव्हा सांभाळून घ्या. मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहून होतं का, एवढंच बघतोय.

माझं नाव नुकागा. गाव चोशी, समुद्राकाठी. मी ओमियाला होरिगोमे उस्तादांच्या बागेत बोन्सायचं काम शिकतो. ही गोष्ट पाचव्या वर्षाची. घरून निघताना बाबा म्हणाले होते, "नाही जमलं तर ये परत. कारखान्यात माझ्या शेजारी जागा आहे." बाबा मासळीचे डबे भरतात. बत्तीस वर्षं त्याच पट्ट्यासमोर उभे आहेत. ती जागा मला नको होती. पाच वर्षं मी दर सकाळी हाच विचार करून उठत होतो.

बागेत पाचशेच्या वर झाडं आहेत, पण मान थोरलीचा. थोरली म्हणजे केयाकीचं झाड. उंची माझ्या गुडघ्याच्या थोडी वर, वय एकशे तीस वर्षं. सरळ राखाडी बुंधा, आणि त्याच्यावर उलट्या धरलेल्या खराट्यासारखा फांद्यांचा पसारा. फांद्यांना काड्या, काड्यांना आणखी बारीक काड्या, आणि शेवटी केसासारखी टोकं. पाइनच्या हिरव्या अंगात दोन चुका लपून जातात. केयाकी हिवाळ्यात, पानं गळाल्यावर मांडतात. अंगावर काही नसतं. एकशे तीस वर्षांत कुणी कुठे कात्री लावली ते सगळं उघड दिसतं.

प्रदर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तोक्योला. त्याआधी थोरलीला आंघोळ घालायची असते. म्हणजे दात घासायच्या मऊ ब्रशानं आणि साध्या पाण्यानं बुंध्यावरचं, फांद्यांवरचं वर्षाचं शेवाळ काढायचं. चिमट्यानं वाळकी टोकं वेचायची. मग कुंडीला तेलाचा हात, मातीवर ताजं मखमली शेवाळ. सगळं मिळून बारा दिवस लागतात. आणि हे करायचं फक्त उत्तरेच्या खोलीत. तिथं ऊन येत नाही, उजेड सगळीकडून सारखा येतो, सालीवरचा डाग न डाग दिसतो. उस्तादांचा हा नियम त्यांच्या सासऱ्यांपासूनचा. सासरेच त्यांचे उस्ताद होते.

चाळीस वर्षं ही आंघोळ उस्तादांनी स्वतः घातली. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जानेवारीच्या वीस तारखेला सकाळी जेवताना ते म्हणाले, "यंदा थोरलीचं नुकागा करेल."

माझ्या हातातला भाताचा वाडगा तसाच राहिला.

"दादाला..." मी कसंबसं म्हणालो.

कुसाकाबेदादा माझ्याहून सात वर्षं जुना. तो मुळ्याचं लोणचं कुरुमकुरुम चावत म्हणाला, "मला नको रे बाबा. माझा हात जड आहे, हे बागेतल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. पण ऐक, उस्तादांनी चाळीस वर्षांत थोरलीची एक काडी मोडलेली नाही. तू मोडलीस तर चोशीकडची गाडी सहा बाराला आहे. स्टेशनवर मी सोडीन. पेट्रोल माझ्याकडून."

"गप रे," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे उस्तादांच्या बायको. "पोराला सुखानं जेवू दे."

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. एखाद्या झाडाकडे बघावं तसं, बराच वेळ.

२

उस्तादांच्या हातांबद्दल सांगायला हवं. बागेत, उन्हात, ते कधीच हातमोजे काढत नाहीत. पांढरे सुती, मजुरांचे असतात तसे. केसाएवढी टोकं ते हातमोजे घालून कापतात, आणि कापलेली जागा आरशासारखी गुळगुळीत असते. मला उघड्या हातानं ते अजून जमत नाही. लांबून माणसं ते बघायला येतात. मी पहिल्या वर्षी तासन्तास बघत उभा राहायचो आणि नळ चालू राहायचा. उत्तरेच्या खोलीत मात्र हातमोजे उतरायचे. तिथं पाहिलेत मी ते हात. लांब, शांत, दहाही बोटं धडधाकट.

मी पहिले तीन दिवस श्वाससुद्धा जपून घेतला. खोलीत रॉकेलच्या हीटरची घरघर, त्यावरच्या किटलीची सूं सूं, आणि माझ्या ब्रशाचा आवाज. झाडाजवळ काम करताना आम्ही हातात कापडी बाह्या चढवतो, दोन्ही टोकांना इलास्टिक असलेल्या. सदऱ्याचं बटण, कफ, काही म्हणजे काही बाहेर राहता कामा नये. चौथ्या दिवशी माझ्या बाह्या दोरीवर गोठून पापडासारख्या कडक झाल्या होत्या. मी विचार केला, आज फक्त बुंध्याचा खालचा भाग आहे. वर हात जाणारच नाही.

वर हात गेला. किटलीला उकळी आली म्हणून मी उठलो, आणि उजव्या कफाचं बटण शेंड्याच्या डाव्या बाजूला अडकलं.

टिक.

एवढासाच आवाज. पाच वर्षांत मी हजारो काड्या कापल्यात, पण तो आवाज अजून कानात आहे. आगपेटीच्या काडीएवढी लांब, दोऱ्याएवढी जाड, टोकाला तीन फाटे. शेंड्याची गोलाई जिथून सुरू होते नेमकी तिथली. ती गेली आणि गोलाईला खिंडार पडलं. दारातून बघणाऱ्यालाही दिसावं असं.

मी ती रुमालात गुंडाळली आणि छातीच्या खिशात ठेवली. का ठेवली ते विचारू नका. जाऊन सांगायचं होतं. पाय उचलले नाहीत.

दुपारी उस्ताद आले. त्यांना तेव्हा समोरचा माणूस धुक्यातल्यासारखा दिसायचा. ते थोरलीसमोर बसले, हातमोजे काढले आणि शेंड्यावरून हात फिरवला. स्पर्श न करता, दोन बोटं वरून, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. डाव्या बाजूला हात थांबला.

मी मान खाली घातली.

"थंडी फार आहे," ते म्हणाले. "आज पुरे. कापड घाल तिच्यावर."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून गेलो होतो. आधी कापड काढायचं, मग काडी घेऊन उस्तादांकडे जायचं. शब्दसुद्धा पाठ केले होते.

कापड काढलं. खिंडार नव्हतं.

काडी जागेवर होती. तीन फाट्यांची, टोकाला बारीक लालसर कळ्या.

पहिल्यांदा मला वाटलं, मी जागा चुकलो. घाबरलेल्या माणसाला काय दिसेल सांगता येत नाही. भिंतीवर दर वर्षीचे फोटो लावलेले आहेत, सगळे समोरून, एकाच अंतरावरून. मागच्या वर्षीचा फोटो काढून शेजारी धरला. जशीच्या तशी. मग खिशातला रुमाल उघडला. तीही होती. तिच्या मधल्या फाट्याखाली फांदी वळवायला कधीकाळी गुंडाळलेल्या तारेचा, तांदळाच्या कणीएवढा व्रण होता. झाडावरच्या काडीला त्याच जागी तोच व्रण.

कुणीतरी चिकटवली असेल म्हणावं, तर मोडलेली माझ्या हातात होती. रातोरात फुटली म्हणावं, तर जानेवारीत केयाकी झोपलेली असते, आणि व्रण काही फुटत नाहीत. मी भिंग लावून बघितलं. सांधा नाही, डिंक नाही. नखानं साल खरवडून बघायची हिंमत झाली नाही.

मग मात्र मला रडू आलं, आनंदानं. मी चटईवर कपाळ टेकून तिला नमस्कार केला. माझ्यासारख्या धांदरटाची चूक तिनं पोटात घातली असं वाटलं. एकशे तीस वर्षं जगलेल्या जिवाला तेवढं जमत असेल, मला काय कळतंय, असंही वाटलं.

सांगायचं राहून गेलं. सांगायला आता काही उरलंच नव्हतं ना.

४

पुढचे सहा दिवस माझा हात इतका छान चालला की माझाच मला विश्वास बसेना. शेंड्याच्या आतली टोकं, जिथं चिमटा घालायला भीती वाटते, तिथं उजवा हात आपोआप जायचा. करंगळी फांद्यांच्या मधून अशी वाट काढायची जशी ती तिथलीच आहे. कुसाकाबेदादा एकदा दाराशी उभा राहून बघत होता.

"हात हलका झालाय तुझा," तो म्हणाला. त्या बोलण्यात नेहमीची टिंगल नव्हती.

"थोरलीमुळे," मी म्हणालो.

"हं." त्यानं डाव्या हाताच्या अनामिकेवरची चिकटपट्टी घट्ट केली. त्या बोटाला कायम पट्टी असते. काय झालंय विचारलं की दर वेळी वेगळं सांगतो. कधी मांजर चावलं, कधी बायको मिळेना म्हणून अंगठीची जागा धरून ठेवलीय. "जेवायला ये. काकूंनी मासे भाजलेत. तुझ्या गावचे, बाबांनीच भरले असतील."

रुमालातली काडी मी रोज बघायचो. तोडलेली काडी अशा कोरड्या हवेत दोन दिवसांत सुकते. ती मात्र वाकवली तर वाकायची. दहाव्या दिवशी मी नखानं तिची साल जराशी खरवडली. आत हिरवी होती, ओलसर.

आणि उजव्या करंगळीला काहीतरी खरखरीत लागल्यासारखं झालं. मी हात झटकला आणि दुसऱ्या कामाला लागलो.

५

नेण्याच्या आदल्या दिवशी उस्ताद आणि काकू डोळे दाखवायला उरावाच्या दवाखान्यात गेले. कुसाकाबेदादा छोटा ट्रक घेऊन तोक्योला, थोरलीखालचं लाकडी मेज पॉलिश करायला दिलं होतं ते आणायला. घरात मी एकटा.

शेवटची आंघोळ झाली होती. बुंधा ओला होता, आणि हीटर सकाळपासून धूर ओकत होता म्हणून बंद करावा लागला. बुंधा ओला राहिला तर पहाटे पाणी गोठतं आणि साल फुटते. दक्षिणेकडच्या काचेच्या पडवीत मात्र लख्ख ऊन होतं. तासाभराचं काम. नियम मला माहीत होता, पण नियम उजेडाचा होता आणि मला फक्त वाळवायचं होतं. असं मी स्वतःला समजावलं आणि थोरलीला उचलून पडवीत फिरत्या पाटावर ठेवलं. मागे खोलीची कागदी दारं ओढून घेतली, वारा लागू नये म्हणून.

मागे सरून बघितलं आणि तिथंच बसलो.

पांढऱ्या कागदावर तिची सावली पडली होती. पाच वर्षांत मी तिची सावली पाहिली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. उन्हाळ्यात ती जाळीखाली असते, हिवाळ्यात उत्तरेला. ती सावली म्हणजे... मला शब्द नाहीत म्हणालो ना. एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. झाडाहून झाडाची सावली खरी वाटत होती. किती माणसांनी किती वर्षं या एका आकारासाठी श्वास रोखून धरले असतील! त्यांतला शेवटचा मी. मला जन्मात पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला.

उजव्या बाजूला एक कोळ्याचा धागा चमकत होता. चिमटा घेऊन मी हात पुढे केला. हाताची सावली कागदावर आली.

चिमटा. अंगठा. तीन बोटं.

वाटलं, करंगळी दुमडली असेल. दुमडली नव्हती. कोन बदलला. हात कागदाच्या अगदी जवळ नेला, पंजा फाकवला. हातावर पाच बोटं, कागदावर चार. करंगळीच्या जागी नुसतं ऊन. डावा हात धरला, तो पुरा होता. उजवा पुन्हा धरला. चार.

मी करंगळी वाकवली. का, ते माहीत नाही. बोट जागेवर आहे याची खात्री म्हणून असेल.

कागदावर, थोरलीच्या शेंड्याच्या डाव्या बाजूला, एक काडी वाकली.

झाडाकडे बघितलं. झाड स्थिर होतं, एक टोकही हललं नव्हतं. बोट सरळ केलं. सावलीतली काडी सरळ झाली.

पडवीत घड्याळाची टिकटिक होती, सव्वा वाजला होता. बाहेर पाण्याच्या पिंपावरचा बर्फ उन्हानं तडकत होता. मी दोन्ही हात काखेत घट्ट धरले आणि अजिबात हललो नाही.

तरी सावली हलत होती.

उजव्या बाजूच्या काड्या, दहाएक असतील, सावकाश एकमेकींजवळ येत होत्या आणि दूर जात होत्या. काहीतरी गोल धरून त्याचं साल उलगडावं तशा, सबुरीनं, एक फोड मग दुसरी फोड. त्यांच्या वर एकटी एक काडी ठेका धरत होती. चार ठोके आणि थांबा. चार ठोके आणि थांबा. तो ठेका मला पाठ होता. लाल दिव्याला ट्रक उभा राहिला की कुसाकाबेदादाचं बोट स्टिअरिंगवर असंच वाजतं.

आणि खाली, सगळ्यांत जुन्या फांदीवर, आणखी काही. त्या घाईत नव्हत्या. दोन काड्या मिटत होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या. दर वेळी मिटण्याआधी एवढासा विसावा. कात्रीचा हात होता तो. इतका सुंदर कात्रीचा हात मी कधी पाहिला नव्हता, उस्तादांचासुद्धा नाही. मी घाबरलो होतो, आणि तरी मला नजर काढून घेता आली नाही.

ढग आला, सावली गेली. मी थोरलीवर कापड टाकलं.

६

तीन वाजता फाटक वाजलं. काकू आधी आत आल्या.

"किती ती गर्दी दवाखान्यात! अडीच तास बसवलं. बरं झालं संत्री नेली होती. ह्यांनी एकट्यांनी तीन खाल्ली, सव्वा वाजता नंबर लागेपर्यंत सोलतच बसले होते, नुसती..." त्या बोलता बोलता थांबल्या. पडवीत कापडाखाली काय आहे ते त्यांनी पाहिलं होतं.

उस्ताद त्यांच्या मागून आले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण पडवीतल्या उन्हात ते एक पाऊल टाकून थांबले आणि हातमोजे घातलेले हात पाठीमागे घेतले.

"हीटर बिघडला होता," मी म्हणालो. मग पाठ केलेले शब्द विसरलो. खिशातून रुमाल काढला, उघडून त्यांच्यापुढे चटईवर ठेवला. "ही मी मोडली. आठ दिवस झाले. सांगितलं नाही. मी चोशीला जातो. पण झाडाला नेऊ नका असं..." पुढे काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक.

ते गुडघे टेकून बसले. काडी चाचपली. तीन फाटे, व्रण.

"कुठलं बोट?"

"उजवी करंगळी."

"माझीही करंगळीच होती पहिली," ते म्हणाले.

ते उठून आत गेले आणि सासऱ्यांच्या तसबिरीखालच्या कप्प्यातून एक हलकी लाकडी पेटी घेऊन आले. आत कापसावर काड्या मांडलेल्या होत्या. काही राखेच्या रंगाच्या, काही माझ्या काडीसारख्या अजून लवचीक. त्यांनी माझी शेवटी ठेवली. मी मोजल्या. बावीस.

चाळीस वर्षांत एक काडी मोडली नाही, असं सगळं ओमिया म्हणतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हातमोजे काढले आणि दोन्ही हात उन्हात, कागदाच्या दारासमोर धरले. फार वेळ नाही. मी मान वळवण्याआधी दिसायचं ते दिसलं. सावली तळव्यापर्यंतच होती, पुढे एकही बोट नव्हतं.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगू का, मला धीर आला. दहा वेळा चुकलेला माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि तरी तो तोच होता.

"दहा तुमच्या," मी हळूच म्हणालो. "एक दादाची. एक माझी. मग उरलेल्या..."

काकू मागे उभ्या होत्या. "बाबांनी मला कधी तिला हात लावू दिला नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी मला राग यायचा."

काकूंचे वडील जाऊन तीस वर्षं झाली.

"ते अजून काम करतात," उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, हेवा होता. "खालच्या फांदीवर. पाहिलंस ना? विसावा पाहिलास, मिटण्याआधीचा? तो मला शेवटपर्यंत जमला नाही."

कुसाकाबेदादा मेज घेऊन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यानं पेटी पाहिली, मला पाहिलं, आणि खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढून माझ्याकडे टाकलं.

"दोन वेढे दे. पट्टीची सावली पडते," तो म्हणाला. "आणि कुणी विचारलं तर मांजराचं कारण माझं आहे, तू दुसरं शोध."

७

प्रदर्शनात थोरलीसमोर माणसं रांग लावून उभी होती. काळं मेज, जुनी निळसर कुंडी, मागे पांढरा पडदा. माणसं बोलायची थांबत होती तिच्यासमोर. एक माणूस टोपी काढून उभा राहिला. परीक्षकांतले एक म्हातारे उस्तादांना म्हणाले, "होरिगोमे, हे तुझं सगळ्यांत चांगलं वर्ष."

"माझं नाही, ह्याचं," उस्तादांनी मला पुढे ढकललं. मी कानापर्यंत लाल झालो.

दिवे छतातून होते, तरी पडद्यावर तिची फिकट सावली पडलीच. आम्ही तिघं सगळा वेळ हात पाठीमागे बांधून, मुठी आवळून उभे होतो. चार दिवस. दादाच्या नाकावर माशी बसली तरी त्यानं हात काढला नाही, नुसतं फूं फूं करत राहिला, आणि मला हसू आवरेना.

तिसऱ्या दिवशी एक आजी बराच वेळ थोरलीसमोर उभ्या होत्या. त्यांनी गळपट्टा घट्ट केला आणि माझ्याकडे वळल्या.

"अहो, इथं वारा कुठून येतोय?"

"हीटरचा झोत आहे, आजी," दादा म्हणाला.

आजी पडद्याकडे बोट दाखवत होत्या, खालच्या बाजूला. मी उस्तादांच्या मुठी पाहिल्या, दादाची पाहिली, माझी पाहिली. आमच्यातलं कुणी हललं नव्हतं.

८

थोरली मोठं बक्षीस घेऊन घरी आली. त्या संध्याकाळी उस्तादांनी मला उत्तरेच्या खोलीत बोलावलं. हीटर दुरुस्त होऊन आला होता, किटली सूं सूं करत होती.

"पुढल्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "दिसायला लागेल म्हणतात. पण थोरली आता मी करणार नाही. कुसाकाबेनं कधीच नाही म्हणून सांगितलंय, तो एकावर थांबला, आणि त्यात काही कमीपणा नाही. तुला हवी असेल तर तुझी. मी नियम शिकवीन, सगळे. तरी चुकशील. मी चुकलो."

मी थोरलीच्या खालच्या फांदीकडे बघत होतो.

"नको असेल तर तेही चांगलं. एका बोटाचं काही वाटत नाही. माणूस लग्न करतो, पोरं होतात, मासळीचे डबे भरतो. पट्टी लावायची, झालं." त्यांनी किटली उचलून दोघांना चहा ओतला. उघड्या हातांनी, एक थेंब न सांडता. "सकाळपर्यंत सांग. तोंडानं नाही सांगता आलं तरी चालेल."

मी खूप विचार केला. बाबांचा केला. बत्तीस वर्षं पट्ट्यासमोर उभे असलेले त्यांचे हात मला आठवतात, कल्ल्यांनी कापलेले. ते हात मेल्यावर थांबतील. त्याचं बरं वाटावं की वाईट, ते मला ठरवता येईना. आणि सारखा तो खालच्या फांदीवरचा हात डोळ्यांसमोर येत होता. मिटण्याआधीचा तो एवढासा विसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा अंधारच होता. बाहेर झाडांवर दंव होतं. सहा बाराची गाडी गेली, रुळांचा आवाज बागेपर्यंत आला. तेव्हा मी पिंपावरचा बर्फ फोडत होतो. ऊन वर यायची वाट पाहिली. ते कुंपणाच्या भिंतीवर पडलं तेव्हा करंगळीची पट्टी सोडली, दोन्ही हात भिंतीसमोर धरले आणि मोजले. नऊ. मग दोरीवरून माझ्या कामाच्या बाह्या काढल्या, झटकल्या, दोन्ही हातांत चढवल्या, चारही इलास्टिकं एकेक करून ओढून पाहिली, आणि जाऊन उत्तरेच्या खोलीचं दार उघडलं.